चरणी लीन

शेठ, फ्लॅट रिनोव्हेशनच्या धंद्यात केस पांढरे झाले आणि अजून तुम्ही 'लीन' झाला नाहीत? ग्राहकाच्या चरणी लीन होणं तुम्हाला येतं, मान्य. ॲडव्हान्स खात्यात पडेपर्यंत तर फारच छान येतं. मी म्हणतोय ते लीन म्हणजे फुकट जाणारं सगळं छाटायची जपानी पद्धत. टोयोटात ताईइची ओनो नावाचे इंजिनिअर होते. कारखान्यात काय काय फुकट जातं, याचे त्यांनी सात प्रकार काढले. या फुकट जाण्याला जपानीत 'मुदा' म्हणतात. आपल्याकडे मधे एक 'ड' घालतात, कारण काम संपेस्तोवर कुणाचा तरी पडतोच.

मुदा संपवा, असं ओनोसाहेब सांगून गेले. भला माणूस, गाड्या बनवायचा. मुदा संपवावा लागत नाही, तो ग्राहकाच्या घरी नेऊन उतरवता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

उदाहरणार्थ, सातांतला एक मुदा, साठा. गोदामाचं भाडं आजच बंद करा. ग्राहकाचा हॉल आहे ना! सिमेंटच्या गोण्या टीव्हीसमोर, प्लाय देवघराला टेकून, टाइल्सचे बॉक्स पलंगाखाली. भिंतीलगत, थेट फरशीवर ठेवलेलं सिमेंट ओल धरतं आणि तीन महिन्यांत त्याचा जोर ओसरतो, असं जाणकार सांगतात. तोवर तुमचं काम संपलेलं नसेल, पण बिल नक्की झालेलं असेल.

मग वाट पाहणं. तुमच्या गवंड्याने कधीही रिकामं बसू नये. प्लंबर आला नाही की गवंडी थापी-ओळंब्यासकट दुसऱ्या साइटवर. ग्राहक वाट पाहतो, पण तो कुठे तुमच्या हजेरीपटावर आहे? टोयोटात पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवल्याशिवाय मागचा टप्पा माल देत नाही, म्हणजे काम पुढून ओढलं जातं. आपल्याकडे कार्ड छापायचाही खर्च नाही. ज्याचा फोन सगळ्यात मोठ्या आवाजात येतो, तिकडे गवंडी ओढला जातो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर एकच गवंडी चार घरांत ओढला जातो आणि पाचव्यात सापडतो. शिवाय काही बिघडलं तर टोयोटातला कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो म्हणे. आपल्याला दोरी कशाला? गावाकडचं लग्न पुरतं.

हेच सगळं अमेरिकेत ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी बांधकामात आणलं, 1997 मध्ये त्यासाठी एक संस्थाही काढली. त्यांच्या पद्धतीत मुकादम, प्लंबर, वायरमन एकत्र बसून पुढच्या आठवड्याची कामं कबूल करतात आणि आठवडा संपला की, दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले याची टक्केवारी काढतात. हे वाचा आणि सोडून द्या. टक्केवारी हा शब्द आपल्याकडे दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेला आहे.

खरी कमाल बाथरूममध्ये दाखवा. वॉटरप्रूफिंग झालं की गळती तपासायला पाणी कोंडून किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस ठेवायचं असतं. पाणी नुसतं उभं आणि तुमचा माणूस नुसता बसलेला! याहून शुद्ध मुदा कुठला? दोन तासांत बूच काढा, त्याआधी तुडुंब भरल्याचा फोटो ग्रुपवर टाका. लगेच टाइल्स लावून घ्या. ग्राउट सुकलं की प्लंबर उगवेल, कोपऱ्यात उकिडवा बसेल, छिन्नी लावून कालचीच टाइल फोडेल आणि म्हणेल, "अँगल कॉकचा पॉइंट आतच राहिला की." नवा बॉक्स येतो तो एक शेड गडद. ग्राहकाला सांगा, हायलायटर आहे, मुद्दाम वेगळी टाइल.

आणि महिन्याभराने खालच्या काकू छताचे फोटो घेऊन वर आल्या तर घाबरू नका. टोयोटाचा 'पाच वेळा का' हा मंत्र अशाच प्रसंगासाठी आहे. मुळापर्यंत जायचं. सगळ्यांसमोर, शांतपणे.

काकूंचं छत ओलं का? वरून पाणी येतंय. वरून का येतंय? कोब्यात मुरलंय. का मुरलं? फरशीवर सांडलं. का सांडलं? शॉवर सुरू होता. शॉवर का सुरू होता?

"साहेब, आता तुम्ही रोज आंघोळ करता, त्याला आम्ही काय करणार?"