तीन कमानी म्हणजे हाइड पार्क नव्हे

आठवणीदाखल छापलेल्या या चित्राखाली 'क्रिस्टल पॅलेस, १८५१' असं दिलंय, ते कृपया दुरुस्त करा. क्रिस्टल पॅलेस म्हणजे लंडनमधला काच-लोखंडाचा प्रदर्शन-महाल; १८५१मध्ये तो हाइड पार्कमध्ये होता, मग सिडनहॅमला नव्याने उभारून १८५४मध्ये उघडला. हाइड पार्कमधल्या इमारतीवर आडवं कमानदार छत एकच होतं, मधोमध, आतली उंच एल्मची झाडं सामावून घेणारं. बाकी छप्पर सपाट, पायऱ्यापायऱ्यांचं. चित्रात अशा तीन कमानी आहेत, म्हणजे हे सिडनहॅम, १८५४ नंतरचं. उत्तरेकडची कमान डिसेंबर १८६६च्या आगीत गेली, तेव्हा देखावा त्याआधीचा.

छापा अस्सल आहे का, ते दहापट भिंगातून बघा. शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून घेतलेल्या छापाचा, दाणा वेडावाकडा असतो, कडेला एखादा रंग किंचित सरकलेला दिसतो. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल. कडेची तपकिरी पट्टी मात्र चित्राला लावलेल्या आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे पडलेली वाटते. तो आधी बदला, कागद ठिसूळ होतोय.