ढीग चोरलला, निदान कान्हचं

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: चोरल नदीच्या काठावर शिंपल्यांचा ढीग. खाली मजकूर, ‘शिंपले शुद्ध पाण्यातच जगतात, म्हणजे आपल्या नद्या सुधारल्या. एक शिंपला दिवसाला 40 लिटर पाणी गाळतो. चार पोती आणून कान्हमध्ये सोडा, नदी साफ!’

अहो, चोरल जाते नर्मदेला आणि आपल्या शहरातून सांडपाणी घेऊन वाहणारी कान्ह क्षिप्रेला मिळून पुढे चंबळला. दोघींचं पाणलोट क्षेत्रच वेगळं. शेजाऱ्याची नाडी बघून आपलं औषध ठरवण्यातला प्रकार.

शिवाय फोटोत आहेत ती रिकामी टरफलं. ती वर्षानुवर्षं टिकतात, पुरात वाहत येतात, रेती उपसताना वर येतात. बांधकामाच्या रेतीतूनही पोरं शिंपले वेचतातच की! हातात घेऊन बघा. दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या आणि आतला मोतिया थर चकचकीत असेल, तर जीव अलीकडेच गेलाय. वरची तपकिरी साल उडून खडूसारखा पांढरा पडला असेल, तर तो पूर्वी कधीतरी, कुठेतरी जगला, एवढंच कळतं.

म्हणून सर्वेक्षण करणारे पाण्यात उतरतात. तळावर चौकट ठेवून आतली वाळू बोटांनी चाचपतात, मग ती उकरून चाळतात, कारण पिल्लं वाळूत गाडलेली असतात. प्रत्येक शिंपला मोजून होता तिथेच, पाणी ओढायची बाजू वर ठेवून, परत रोवतात. खरी बातमी पिल्लांत असते. शिंपले दीर्घायुषी, नुसते थोराडच सापडले, तर तिथे वंश थांबलाय असा संशय घ्यावा.

‘शुद्ध पाण्यातच’ हेही सरसकट खरं नाही. आपल्याकडचा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस जातीचा शिंपला गढूळ तळ्यातही मजेत राहतो. दुर्मिळ जाती चोखंदळ, म्हणून आधी जात ओळखायला हवी.

राहिले 40 लिटर. मोठा शिंपला चांगल्या पाण्यात तेवढं गाळू शकतो, पण गाळतो ते तरंगणारे कण. पाण्यात विरघळलेला साबण किंवा क्षार तो काय गाळणार? जड धातू त्याच्याच अंगात साठतात. सांडपाण्यात प्राणवायू संपला की तो शिंपा मिटून घेतो आणि काही काळाने मरतो. समजा तगला, तरी त्याच्या अळ्यांना माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढावं लागतं, आणि त्यासाठी वाट्टेल तो मासा चालत नाही.

बरं, ती चार पोती भरायची कुठून? चोरलमधूनच ना?