गोळीनंतर उठणारे पुरळ म्हणजे बाहेर पडणारी उष्णता नव्हे

‘नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंड आले, डोळे लाल झाले तर घाबरू नका, शरीरात साठलेली उष्णता बाहेर पडत असते. गोळी बंद करू नका, कडुलिंबाचा पाला वाटून लावा. ॲलर्जी असती तर पहिल्याच गोळीला आली असती. फारच त्रास झाला तर अर्ध्या गोळीने सवय करा.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा संदेश माझ्या आत्याच्या भजनी मंडळाच्या गटावर आला आणि तिने तो खरा मानला.

आत्याच्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येत असे, साधी चूळ भरली तरी. या ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी डॉक्टरांनी तिला कार्बामाझेपिन दिले, आणि ते योग्यच होते. बाराव्या दिवशी तिला ताप आला, दुसऱ्या दिवशी तोंड आले, डोळे चिकटू लागले, छातीवर जांभळट डाग उठले. त्यानंतर तीन दिवस ती पाला लावत आणि गोळी घेत राहिली. मी पोहोचले तेव्हा ब्लाउजची बाही सोडवताना, उकडलेल्या टोमॅटोचे साल सुटावे तशी तिच्या दंडाची कातडी बाहीबरोबर निघून आली.

या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात; त्याचे वर्णन 1922 मध्येच झाले आहे. त्यात बाहेर काहीही पडत नसते. औषधामुळे चिथावलेल्या शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या पेशी, त्वचेच्या वरच्या थरातील पेशी मारून टाकतात, आणि तो थर भाजल्यासारखा सुटतो. अंगाच्या 30 टक्क्यांहून अधिक भागावरची त्वचा सुटली की त्यालाच टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात, आणि त्या अवस्थेतील सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. अशा उघड्या त्वचेवर कडुलिंबाचा पाला लावणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे आहे.

‘उष्णता’ मानणाऱ्यांनी तैवानमधील एक अभ्यास समजून घ्यावा. तो 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बामाझेपिन सुरू करण्यापूर्वी 4,877 जणांची एचएलए-बी 15:02 या, हा आजार होण्याचा धोका वाढवणाऱ्या जनुकप्रकारासाठी तपासणी केली गेली, आणि ज्यांच्यात तो आढळला त्यांना हे औषध न घेण्याचा सल्ला दिला गेला. पूर्वीच्या प्रमाणानुसार या गटात सुमारे दहा जणांना हा आजार होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात एकालाही झाला नाही. या आजाराचे कारण साठलेली उष्णता हे असते, तर विशिष्ट माणसांना विशिष्ट गोळी टाळायला सांगून तो थांबला नसता.

मला सर्वांत घातक वाटते ते ‘तोंड येणे’ आणि ‘डोळे येणे’ या ओळखीच्या शब्दांचे पांघरूण. दोन्हींवर घरोघरी उपाय ठरलेले आहेत, एकाला तूप, दुसऱ्याला गुलाबपाणी, त्यामुळे ही दोन स्वतंत्र किरकोळ दुखणी वाटतात. नवीन औषधानंतर ताप, तोंडातले फोड, लाल डोळे आणि दुखरी त्वचा एकत्र आली, तर ती एकाच आजाराची लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. फिटच्या रुग्णांनी तर विशेष घाई करावी, कारण त्यांची गोळी थांबवून तिच्या जागी दुसरी कोणती द्यायची, हे डॉक्टरांनाच ठरवावे लागते.

पहिल्या गोळीचा मुद्दा साफ चुकीचा आहे. गांधी उठणे, श्वास कोंडणे अशी ॲलर्जी काही मिनिटांत येते हे खरे, पण हा आजार बहुधा चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत, क्वचित आठ आठवड्यांपर्यंतही उद्भवतो. युरिक ॲसिडसाठी दिले जाणारे ॲलोप्युरिनॉल, फिटसाठीचे फेनिटॉइन व लॅमोट्रिजिन आणि सल्फा गटातील गोळ्या या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते: औषधांमुळे उठणारी बहुतेक पुरळे सौम्य असतात आणि विरून जातात. पण कोणते पुरळ सौम्य आहे, हे व्हॉट्सॲपवरून ठरत नाही. याच गटावर आलेला ‘मेफ्टालवर बंदी’ हा संदेशही असाच अर्धा खरा होता. मेफ्टाल या वेदनाशामक गोळीतील मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम ही गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 मध्ये दिला होता. बंदी घातलेली नव्हती.

अर्ध्या गोळीने सवय करण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे, कारण एकदा हा आजार झालेल्याला तेच औषध पुन्हा दिल्यास तो अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने उलटू शकतो. कंपनीगणिक गोळीचे नाव बदलते, म्हणून आत्याच्या बटव्यात आता एक कार्ड असते. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘कार्बामाझेपिन देऊ नये’ असे लिहिले आहे. खाली फेनिटॉइनचेही नाव आहे, कारण एकाने उलटलेला आजार दुसऱ्यानेही उलटू शकतो. अक्षरे मोठी ठेवावी लागली, कारण तिचे डोळे अजून कोरडे पडतात आणि दर दोन तासांनी तिला थेंब घालावे लागतात.