थेम्सचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

पुण्यात नदीकाठ सुधार प्रकल्पाचा विषय निघाला की कुणीतरी थेम्सचं नाव घेतंच. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा मिळून ४४ किलोमीटरचा काठ. घरच्या ग्रुपवर मलाही विचारणा होते: तू लंडनलाच असतोस ना, मग थेम्सचा काठ कसा आहे ते सांग की.

तर सांगतो. रिचर्ड विल्सन या वेल्श चित्रकाराने १७६२च्या सुमारास लंडनच्या वरच्या अंगाला ट्विकनमजवळच्या थेम्सचं चित्र काढलं. ते टेट संग्रहालयाकडे आहे. संथ पाणी, मोठं आकाश, झाडीत मार्बल हिलची पांढरी हवेली, उतरता हिरवा काठ. मी राहतो तिथून हा काठ फार लांब नाही आणि आजही तो बराचसा तसाच आहे. ही काही निसर्गाची कृपा नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्बल हिलच्या आवारात घरं बांधायचा घाट घातला गेला होता. लोकांनी ओरड केली, जागा विकत घेऊन सार्वजनिक झाली आणि १९०२मध्ये रिचमंड टेकडीवरून दिसणारा हा देखावा राखण्यासाठी चक्क संसदेने कायदा केला. समोरची पीटरशॅम-हॅमची कुरणं त्यामुळेच मोकळी राहिली. समुद्राच्या मोठ्या उधाणाला नदी पायवाटेवर चढते, रिचमंडला काठाच्या रस्त्यावरही येते. जाणकार मंडळी भरतीची वेळ बघूनच तिथे गाडी लावतात. (नवखे एकदाच चुकतात.)

अर्थात चित्राला भुलू नये. विल्सनची नदी शहराच्या वरच्या अंगाची. त्याच काळात खाली लंडनमध्ये फ्लीट ही उपनदी घाणीने इतकी नासली होती की ती टप्प्याटप्प्याने झाकूनच टाकली. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास संसदेत शिरला, तेव्हा कुठे बॅझलजेट या अभियंत्याच्या मैलावाहिन्यांना पैसा मिळाला. आपल्याकडचे पाहुणे ज्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर उभे राहून फोटो काढतात, तिच्या पोटातून यातलीच एक वाहिनी जाते. वरचा फिरायचा रस्ता ही नंतरची शोभा. तरीही पावसात मैला नदीत येतच राहिला, म्हणून आता आणखी २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला.

पुण्यात जपानच्या कर्जसाहाय्याने ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना २०१६ सालीच मंजूर झाली होती. ती रखडत राहिली आणि काठाची फरसबंदी मात्र पुढे निघाली. हा क्रम मला मान्य नाही.

विरोधकांचंही सगळं पटत नाही. लहानपणीची मुठा परत आणा म्हणताना वरची चार धरणं कुणी मोजत नाही. पुणं ते पाणी पितं, आणि पावसाळा सरला की पात्रात उरतं ते बहुतेक सांडपाणीच. पण पुराबद्दल ते म्हणतात ते खरं आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. पीटरशॅमला नदीला पसरायला कुरण आहे. मुठेसाठी पुणे महापालिका कुठली जागा मोकळी ठेवणार आहे, ते आधी नकाशावर दाखवावं. बाकांचे आणि दिव्यांचे नमुने नंतर बघू.