पाकिस्तानची बाजू कोण मांडणार?

२०१९च्या जुलैत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल लागला तेव्हा आपल्या वाहिन्यांवर भारत जिंकला होता, तिकडच्या वाहिन्यांवर पाकिस्तान. गंमत म्हणजे दाखवायला दोघांकडेही काहीतरी होतं. जाधवांना भारतीय वकिलातीचा संपर्क नाकारून पाकिस्तानने वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम मोडलं, असं न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं. सुटकेची आपली मागणी मात्र फेटाळली. शिक्षेचा फेरविचार करा, एवढंच सांगितलं.

हा खटला मी हेगजवळ पदवीच्या मुलांना व्याख्यानातून शिकवत नाही, वर्गात चालवते. पंचवीसेक मुलं, भारत, पाकिस्तान आणि न्यायाधीश असे गट, तेही चिठ्ठ्या टाकून. पाकिस्तानवाले सुरुवातीला तोंड पाडून बसतात. मग त्यांना वकिलातीच्या संपर्काबद्दलचा २००८चा भारत-पाक करार सापडतो : अटक सुरक्षेच्या कारणाने असेल तर प्रकरण गुणदोषांवर तपासता येईल. झालं, वर्ग तापतो. खरी कसरत न्यायाधीशांची. करार मोडला, तर सुटका का नाही? न्यायालयाचा अधिकार व्हिएन्ना करारापुरताच आहे, हे व्याख्यानात कितीदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. स्वतः निकालपत्र लिहायला बसलं की शिरतं.

आपल्याकडे हे नवं नाही. बार कौन्सिलच्या कायदा शिक्षणाच्या २००८च्या नियमांत मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, सक्तीचं आहे, प्रत्येकी १० गुणांची तीन. प्रत्यक्षात बरेचजण सीनियरची फाइल उतरवून काढतात आणि स्पर्धेला जातात ती फाडफाड इंग्रजी बोलणारी तीन-चार मुलं. महाराष्ट्रात लॉ कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण म्हणते, "शंभर पोरं आणि मी एकटी. तुझे लाड इथे कुठे पुरवू?" बरोबर आहे तिचं. इथलं कौतुक सांगताना आम्ही परदेशस्थ वर्गाचा आकार सोयीने गाळतो. शिवाय नुसतं नाटक इथेही चालतं : कडक सूट, पुढ्यात देशाची पाटी आणि दिवसभरात एका कलमाचा उल्लेख नाही.

तरी एकच कलम, दोन तास आणि मराठीत बोलायची मुभा एवढ्यावर शंभरांच्या वर्गातही हे जमावं. मैत्रिणीची धास्ती वेगळीच आहे. पाकिस्तानची बाजू मांडणाऱ्या पोराचा कोणी व्हिडिओ काढला तर? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण तिने वर्गाला आधी एवढं सांगावं : हेगमध्ये भारताचे वकील हरीश साळव्यांसमोर पाकिस्तानतर्फे उभे राहिलेले ब्रिटिश वकील खावर कुरेशी २००४मध्ये आपल्याच दाभोळ वीज प्रकल्पाच्या लवादात भारत सरकारचे वकील होते.