युरोपात एक कायदा आहे असं कोण सांगतं?

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, युरोप बघा, सत्तावीस देश, एक बाजार, एक कायदा, आणि आपण अजून भांडतोय. मी जर्मनीत आखेनला राहते, नेदरलँड्सची हद्द इथून बसच्या अंतरावर आहे, म्हणून सांगते, तो एक कायदा इथे कुणी पाहिलेला नाही. लग्न-वारसा राहू दे बाजूला, साधी खरेदी-विक्री घ्या.

आखेनच्या दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं तर दोन वर्षं दुकानदार जबाबदार. कंपनी नाही हं, दुकानदार. पहिल्या वर्षात बिघडलं तर माल देताना चांगला होता हे त्याने दाखवायचं, दुसऱ्या वर्षी तेच ओझं तुमच्या डोक्यावर. आता पलीकडे व्हाल्सला जाऊन तेच मशीन घ्या, डच कायद्यात दोन वर्षांची रेघच नाही, अशा वस्तूने साधारण जितकं चालायला हवं तितका काळ तुमचा हक्क, म्हणजे चौथ्या वर्षी मोटर गेली तरी भांडायला जागा आहे. स्वीडनमध्ये तीन वर्षं, स्पेन-पोर्तुगालनेही २०२२ पासून तीन केली.

एक करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. ओले लांडो नावाच्या डॅनिश प्राध्यापकांनी १९८० च्या दशकापासून देशोदेशीचे कायदेपंडित जमवून करारांची सामायिक तत्त्वं लिहून काढली. मग २०११ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाने, सामायिक विक्री कायदा मांडला, तोही ऐच्छिक, म्हणजे आपापले कायदे ठेवा आणि हा वाटला तर निवडा. युरोपियन पार्लमेंटने २०१४ च्या फेब्रुवारीत पाठिंबाही दिला पण देशांची सरकारं तयार होईनात, आणि त्याच डिसेंबरात कमिशनने तो मागे घ्यायचं ठरवलं. ग्राहक संघटनाही विरोधात होत्या आणि मला त्यांचं पटतं, कारण निवड कागदावर गिऱ्हाईकाची असली तरी वेबसाइटवर अटी लिहिणार विक्रेता, तो स्वतःला सोयीचा कायदाच पुढे करणार ना.

मग थोडक्यावर भागवलं. ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल १४ दिवसांत कारण न देता परत, हे सगळीकडे सारखं. २०१९ च्या नव्या नियमांत किमान दोन वर्षांची जबाबदारी सगळ्यांना, त्यावर कुणाला वाढवायची तर वाढवा. आणि दुसऱ्या देशातला विक्रेता तुमच्या देशात धंदा करायला आला तर तुमच्या कायद्याचं संरक्षण तो अटी घालून काढून घेऊ शकत नाही.

आणि गंमत अशी की ज्या 'एक कायद्या'साठी आपण युरोपकडे बोट दाखवतो तो आपल्याकडे आहेच की! करार कायदा १८७२ चा, मालविक्रीचा १९३० चा, गोव्यालाही तेच लागू, जम्मू-काश्मीरचा अपवाद होता तो २०१९ मध्ये गेला. कोल्हापूरचा चपलावाला गुवाहाटीला माल पाठवताना तिकडचा विक्री कायदा काय म्हणतो हे विचारत बसत नाही, आणि इथला छोटा विक्रेता मात्र बाहेरच्या देशात पार्सल पाठवायलाच कचरतो. २०१८ च्या युरोपियन नियमाने त्याला परदेशी गिऱ्हाईक नुसतं परदेशी म्हणून नाकारता येत नाही, पण घरपोच देण्याची सक्ती नाही, म्हणजे माल विकतो पण न्यायला तुम्ही या. या बाबतीत आपण पुढे आहोत, हे मान्य.

पण एक कायदा असून गिऱ्हाईकाच्या पदरात काय? खराब माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्याने अनुचित प्रथा आहे, परत घ्यायची मुदत बिलावर लिहिली नसेल तर ती ३० दिवस. तरी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कुठे दिसत नाही सांगा. दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो आणि आपण निमूट जातो. ग्राहक आयोगाने शक्यतो तीन महिन्यांत, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदाच म्हणतो, पण तिथे तारखांवर वर्षं जातात. आयोगांवर माणसंच नेमली जात नाहीत म्हणून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. इथे युरोपात दुसऱ्या देशातल्या दुकानदाराविरुद्ध ५,००० युरोपर्यंतचा दावा ठरलेला फॉर्म भरून, वकिलाशिवाय लावता येतो. तेही झटपट नसतं, पण दुकानदाराला ते माहीत असतं आणि काउंटरवरचा त्याचा आवाज त्यानेच बदलतो.