पैसे भरायची खिडकी

म्हापशाचा माझा मावसभाऊ लग्नांत साउंड लावतो. २०२४च्या ऑगस्टपासून फोनवर त्याचा एकच विषय. लग्नात गाणी वाजवायला कुणी कॉपीराइटचं लायसन्स किंवा पैसे मागायचे नाहीत, असं परिपत्रक गोवा सरकारने त्या जानेवारीत काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते १३ ऑगस्टला रद्द केलं. धार्मिक विधी आणि लग्नसमारंभाला कायद्यातच सूट आहे, ती गेलेली नाही. पण सरकारने परिपत्रक काढून ती ताणायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. हॉलवाल्यांनी मात्र धसका घेतलाय. मांडवात स्पीकर उतरवायच्या आधी कागद दाखव म्हणतात. "ताई, तुमच्याकडे बरंय," तो म्हणतो. "नियम म्हणजे नियम. इथे सगळ्यांना सगळं फुकट पाहिजे."

आमच्याकडे म्हणजे फिलाडेल्फियाजवळ. इथलं एक सांगते.

शहराच्या वायव्येला चेस्टनट हिल नावाची जुनी वस्ती आहे. दगडी फरसबंदीचा रस्ता, त्यात ट्रॅमचे बंद पडलेले रूळ, दोन्ही बाजूंना छोटी दुकानं. २०११पासून तिथे दर ऑक्टोबरात हॅरी पॉटरची जत्रा भरायची. जत्राच ती, दुसरा शब्द नाही. २०१७ साली ४५ हजारांच्या आसपास माणसं आली, त्यात आम्हीही होतो. मुलगी आठ वर्षांची. तिची जादूची छडी म्हणजे चायनीजबरोबर आलेली चॉपस्टिक. तिच्यावर ग्लू गनने गाठी काढून वर तपकिरी रंग दिलेला. झगा म्हणजे माझ्या बाबांचा कोर्टातला काळा गाऊन, गुडघ्यापर्यंत कापलेला. रंग वाळला नव्हता, परत येताना गाडीच्या सीटला लागला. तो डाग अजून आहे.

पुढच्या वर्षी हॅरी पॉटरचे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने अमेरिकेतल्या अशा जत्रांना नवे नियम कळवले. पुस्तकांतली नावं, ठिकाणं, वस्तू, काहीही वापरायचं नाही. चाहत्यांच्या उत्साहाला आमची हरकत नाही, पण त्या निमित्ताने विनापरवाना धंदा नको, ही कंपनीची बाजू. ती अगदीच चुकीची म्हणवत नाही. त्या दिवशी बेकरीवाल्यांचा आणि बारवाल्यांचा गल्ला चांगलाच भरायचा. पण चेस्टनट हिलच्या दुकानदारांनी कोर्टाचं तोंडही पाहिलं नाही. कॉपीराइटच्या जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला इथे एकेका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. जत्रेच्या जागी 'वाँड्स अँड विझर्ड्स' नावाची कौटुंबिक संध्याकाळ आली. छड्या आहेत, जादूगार आहेत, कुणाचे ते विचारायचं नाही.

याला माझा भाऊ 'नियम म्हणजे नियम' म्हणतो. मला विचाराल तर ही नुसती धास्ती. कायदा काय म्हणतो हे कुणी न्यायाधीशाला विचारलंच नाही.

विचारलं ते कोलकात्याच्या एका प्रकरणात. २००७च्या दुर्गापूजेला सॉल्ट लेकच्या एफडी ब्लॉकवाल्यांनी हॉगवॉर्ट्सचा, म्हणजे हॅरी पॉटरच्या शाळेचा, किल्ला मांडव म्हणून उभा केला. कंपनी हीच. पूजा समितीकडे २० लाख रुपये मागत प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने मांडव पाडायला लावला नाही. २६ ऑक्टोबरपर्यंत राहू दे, यापुढे मात्र परवानगीशिवाय नको, असं सांगितलं. आता देवीचं विसर्जन २१च्या सुमारास; २६पर्यंत मांडववाले बांबू सोडवायलाच आलेले असतात! कंपनीचा हक्क मान्य झाला आणि लोकांची पूजाही झाली. पुण्यात पेठेतले देखावे बघत वाढलेल्या मला हे ऐकून फार बरं वाटलं. आमच्या मंडळाने थर्मोकोलचे किती महाल कापले आणि कुणाला विचारलं, याचा हिशेब न काढलेलाच बरा.

म्हणून भावाचं सगळं बरोबर, असंही नाही. रिसेप्शनला चाळीस गाणी वाजवून वर हजारो रुपये भाडं घेतोस, तर गाणं लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला त्यातले चार पैसे गेले पाहिजेत, हे मी त्याला तोंडावर सांगते. तो कुरकुरतो, पण त्याच्यापुढे निदान एक खिडकी आहे: दरपत्रक बघा, पैसे भरा, पावती घ्या. दर जास्त वाटला तर त्यावर भांडा. गल्लीतल्या जत्रेला अशी खिडकीच नाही. तिला परवडेल असं लायसन्स कुणी विकायलाच बसलेलं नाही, आणि माझा राग आहे तो त्यावर. फुकट कोण मागत होतं?

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून खऱ्या मैदानात आलेल्या, झाडूवर बसायच्या त्या खेळाचंही २०२२मध्ये क्विडिचचं क्वाडबॉल झालं. कारणं दोन होती: लेखिका जे. के. रोलिंगच्या ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या मतांपासून लांब राहायचं होतं, आणि मूळ नावाचा ट्रेडमार्क वॉर्नरकडे. माझ्या तोंडून अजून जुनंच नाव निघतं, मुलगी सुधारते.

परवा भावाला हे सगळं सांगितलं. पलीकडे कुठल्यातरी हॉलमध्ये माइक चेक चालू होता.

"मग त्या दुकानवाल्यांनी नेमके किती भरायचे होते?" त्याने विचारलं.

"आकडाच नव्हता," म्हटलं.

"आँ?" आवाजामुळे त्याला ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगितलं.